नवा ब्रेल एम्बॉसर आलाय? मराठी मजकूर नीट उमटेपर्यंत काय काय करायचं

शाळेत किंवा संस्थेत एम्बॉसर, म्हणजे कागदावर ब्रेलचे उठावाचे ठिपके ठोकणारा प्रिंटर, आला की पहिल्या दिवशी ठरलेलं असतं, कोणीतरी उत्साहाने वर्डची फाईल उघडतं, कंट्रोल पी दाबतं, मशीन धडधडत चार-पाच पानं बाहेर टाकतं आणि ती पानं ब्रेल वाचणाऱ्या मुलाच्या हातात दिली की तो दोन ओळींवरून बोट फिरवून म्हणतो, सर हे भलतंच काहीतरी आहे. मग मशीन खराब आलंय असं ठरतं आणि ते खोक्यात परत जातं. बहुतेक वेळा मशीनला काहीही झालेलं नसतं.

होतं काय की या कामात तीन गडी असतात. एक तुमची मूळ फाईल, दुसरं ब्रेल करून देणारं सॉफ्टवेअर आणि तिसरं मशीन, आणि तिघांनाही वाटतं की ओळ कुठे तोडायची, पान कुठे संपवायचं, अक्षराचं ब्रेल काय करायचं हे आपणच ठरवायचं. त्यामुळे एकच नियम धरून चला. ब्रेल करायचं काम सॉफ्टवेअरचं, ओळी आणि पानं पाडायचं कामही सॉफ्टवेअरचंच, मशीनने फक्त ठोकायचं. खाली जे सांगतोय त्यातलं अर्धं अधिक याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी जागा आणि कागद

मशीन भक्कम टेबलावर ठेवा, हलणाऱ्या कॉम्प्युटर ट्रॉलीवर नको, कारण आत हातोड्या आहेत आणि सगळं टेबल थरथरतं. आवाजही चांगलाच येतो, ८० डेसिबलच्या आसपास, म्हणजे शेजारी वर्ग चालू असेल तर शिकवणारे येऊन भांडतील. स्टाफरूममध्ये तर अजिबात ठेवू नका. साउंड हूड (आवाज दाबणारं झाकण) मिळतो पण तो महाग पडतो, एक कोपऱ्यातली खोली मिळाली तर बघा.

कागदाच्या बाबतीत काटकसर नको. झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, जास्त तेवढा जाड) कागद घातला तर ठिपके उमटतात, नाही असं नाही, पण एकदा वाचून होईपर्यंत बसतात, आणि जोर वाढवला तर भोकं पडतात. साधारण १२० ते १६० जीएसएमचा कागद घ्या. सुट्या पानांचं मशीन असेल (इंडेक्सचं एव्हरेस्ट डी वगैरे) तर ए-फोर चालतो, आणि सलग कागदाचं असेल (त्याच कंपनीचं बेसिक डी) तर दोन्ही बाजूंना भोकांची पट्टी असलेला घडीचा कागद लागतो, साडेअकरा इंच रुंद आणि अकरा इंच उंच हा माप बऱ्याच ठिकाणी चालतो. रिम घेताना दुकानदाराला जीएसएम विचाराच, नुसतं जाड कागद म्हणालात तर तो कार्डशीट देईल.

पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडच्या लोकांनी कागद बंद प्लास्टिकमध्ये ठेवायचा. दमट कागद मऊ पडतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, ठिपका उठतो पण टिकत नाही. सुटी पानं घालण्याआधी गठ्ठा पिसून घ्या, आणि सलग कागद असेल तर मशीनच्या मागे तो मोकळा खाली-वर जाईल एवढी जागा सोडा. निम्मे पेपर जॅम भिंतीला टेकवलेल्या मशीनमुळे होतात.

जोडणी

नेटवर्कचं नंतर बघा, सुरुवात यूएसबीनेच करा. ड्रायव्हर कंपनीच्या साईटवरून तुमच्या मॉडेलचाच आणि तुमच्या मॉडेलच्या पिढीचाच घ्या, एकाच नावाच्या जुन्या आणि नव्या मशीनचे ड्रायव्हर वेगळे असतात. काही मशीनींना आधी ड्रायव्हर आणि मग केबल असा क्रम लागतो, ते पुस्तिकेत पहिल्या-दुसऱ्या पानावरच असतं, तेवढं वाचा. ड्रायव्हर मिळालाच नाही तर विंडोजमध्ये जेनेरिक टेक्स्ट ओन्ली नावाचा साधा प्रिंटर जोडता येतो आणि तयार ब्रेल फाईल पाठवायला बऱ्याचदा तेवढा पुरतो, कारण एम्बॉसरला चित्र नको असतं, सरळ अक्षरांची रांग हवी असते.

इथे एक छोटीशी पण फार छळणारी गोष्ट. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफॉल्ट प्रिंटर विंडोजनेच ठरवावा असा एक पर्याय असतो, तो बंद करा. तो चालू राहिला तर तुम्ही शेवटचा वापरलेला प्रिंटर म्हणजे एम्बॉसर डिफॉल्ट होऊन बसतो आणि मग ऑफिसमधलं कोणी बोनाफाईड सर्टिफिकेट प्रिंटला टाकलं की तिकडे कोपऱ्यातल्या खोलीत मशीन ठोकत सुटतं. डिफॉल्ट साधा प्रिंटरच ठेवा.

मशीन चालू झालं की कॉम्प्युटरमधून काहीही पाठवण्याआधी त्याच्याच बटणांवरून टेस्ट पान काढा. बऱ्याच मशीनी स्वतःची सगळी सेटिंग ब्रेलमध्ये छापून देतात, काही बोलून पण दाखवतात. ते पान जपून ठेवा, नंतर कोणी काही बदललं तर मूळ काय होतं हे त्यावरून कळतं. हे पान नीट उमटलं तर मशीन ठणठणीत आहे, पुढे जे बिघडेल ते सेटिंगमध्ये शोधायचं, मशीनमध्ये नाही.

मजकूर तयार करणं, खरी मेहनत इथे आहे

मराठीवाल्यांचं सगळ्यात जास्त घोडं इथे अडतं. तुमची फाईल युनिकोडमध्ये आहे का ते आधी बघा. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी सुरेख असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं असेल तर स्क्रीनवर सुंदर मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, आणि ब्रेल सॉफ्टवेअरला डोळे नसल्यामुळे ते त्या आतल्या अक्षरांचं ब्रेल करतं. तपासायची सोपी पद्धत म्हणजे दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, मराठीच दिसलं तर युनिकोड, कचरा दिसला तर आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि काढल्यावर वाचा, जोडाक्षरं आणि रफार हमखास हलतात. एनव्हीडीए (स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर) वापरणाऱ्याला तर नोटपॅडचीही गरज नाही, स्क्रीन रीडर मराठी वाचत नसेल आणि अक्षरांचा गोंधळ बोलत असेल तर कळलंच.

पीडीएफवरून कॉपी करायचं शक्यतो टाळा. युनिकोड पीडीएफमधूनसुद्धा पहिली वेलांटी आणि रफार भलतीकडे जाऊन बसतात. ज्याने पीडीएफ पाठवली त्याच्याकडे मूळ वर्ड फाईल मागा, देतात लोक, मागायला फक्त लाजू नका.

मग सफाई. चित्रं काढा आणि गरज असेल तर त्याजागी एक ओळ वर्णन लिहा. दोन कॉलमचा मजकूर एका कॉलमात आणा. टेबल मोठा असेल तर ओळी-ओळींत लिहून काढा, ए-फोरवर एका ओळीत साधारण ३० सेल (सेल म्हणजे ठिपक्यांचा एक चौकोन, ब्रेलची एक खूण) बसतात, त्यात पाच रकाने कुठून बसवणार. वर्डमधले वळणदार अवतरणचिन्हं, बुलेट, इमोजी, दोन शब्दांमधल्या दहा-दहा स्पेस हे सगळं साधं करून टाका.

अभ्यासक्रमाचं पुस्तक हवं असेल तर टाईप करायच्या आधी सुगम्य पुस्तकालयात शोधा, हे ऑनलाईन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झालं, तिथे काही पुस्तकं ब्रेलसाठी तयार फाईलमध्ये पण मिळतात. केलेलं काम परत करण्यात काही अर्थ नाही.

ब्रेल करणं

सॉफ्टवेअरमध्ये डक्सबरी जुनं आणि नावाजलेलं आहे, पण पैसे पडतात. फुकट हवं असेल तर व्हिएतनामच्या साओ माय केंद्राचं साओ माय ब्रेल आहे, ते आतून लिबलुईस नावाचं मुक्त इंजिन वापरतं, एनव्हीडीए ब्रेल डिस्प्लेसाठी पण तेच वापरतो. सुरुवातीला साओ माय पुरे आहे असं माझं मत, रोज पुस्तकंच्या पुस्तकं काढायची असतील तेव्हा डक्सबरीचा विचार करा.

दोन्हीकडे भाषा म्हणून मराठी निवडायची. मराठीचं ब्रेल म्हणजे भारती ब्रेल, १९५१ च्या सुमारास भारतीय भाषांसाठी एकच पद्धत ठरली ती. डोळस माणसाला ब्रेल येत नसेल तरी यातलं थोडं माहीत असलेलं बरं, कारण चूक शोधताना उपयोग होतो. इथे काना-वेलांटी वर-खाली लागत नाही, व्यंजनानंतर सरळ पुढच्या सेलमध्ये येते, आणि पाय मोडायचा असेल तर ती खूण (नुसता ४ नंबरचा ठिपका; सेलमध्ये डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६) व्यंजनाच्या आधी येते.

ब्रेल झालं की फाईल डॉट बीआरएफ म्हणून सेव्ह करा. ही फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर घाबरू नका, तिच्यात प्रत्येक ब्रेल सेलसाठी एक साधं इंग्रजी कीबोर्डवरचं चिन्ह असतं. मराठी हा शब्द तिथे एम, आर, मग मोठेपणाचं चिन्ह म्हणजे उजवीकडे टोक असलेला बाण, मग डब्ल्यू आणि शेवटी नऊचा आकडा असा दिसतो. एम म्हणजे म, आर म्हणजे र, बाण म्हणजे काना, डब्ल्यू म्हणजे ठ आणि नऊ म्हणजे दुसरी वेलांटी. पुणे बघितलं तर पी, यू, हॅश, ई. हे एकदा डोळ्याखालून घातलं की पुढचं अर्धं निदान घरबसल्या होतं.

आणखी एक तपासणी इथेच करा. इंजिनला एखादं चिन्ह ओळखता आलं नाही तर लिबलुईसवाली सॉफ्टवेअरं त्याजागी त्या चिन्हाचा कोडच लिहून मोकळी होतात, म्हणजे शब्दाच्या मधेच उलटी तिरकी रेघ, एक्स आणि चार आकडे-अक्षरं अशी शेपटी येते. मराठीत ॲप, ऑफिस, वाऱ्यावर असले शब्द मुद्दाम तपासा, ॲ आणि ऱ ही मंडळी आपल्याकडे रोजची असली तरी बाकी देवनागरी भाषांना फारशी लागत नाहीत. शेपटी दिसली तर मूळ मजकुरात तेवढं अक्षर बदलून घ्या.

मराठीत अधूनमधून इंग्रजी शब्द असतील तर ते शक्यतो देवनागरीत लिहा. रोमन अक्षरं तशीच ठेवली आणि भाषा बदलल्याची खूण नसली तर वाचणारा ती मराठी व्यंजनं म्हणूनच वाचतो. इंग्रजीचा सलग उतारा असेल तर तेवढ्या भागाला सॉफ्टवेअरमध्ये भाषा बदलून द्या, प्रश्नपत्रिकेत तर हे करायलाच हवं.

पानाचं माप, दोन्हीकडे एकच

ब्रेलमध्ये फॉन्ट लहान-मोठा करायची सोय नाही. एका सेलपासून दुसरा सेल साधारण ६ मिलिमीटरवर आणि ओळीपासून ओळ १० मिलिमीटरवर. त्यामुळे हिशोब सोपा आहे, ए-फोर २१० मिलिमीटर रुंद, भागिले सहा म्हणजे ३५, समास सोडला की ३० किंवा ३१ सेल उरतात, उंचीला २७-२८ ओळी. साडेअकरा इंची कागदावर ४० सेल आणि २५ ओळी हे जुनं रुळलेलं माप.

हे आकडे सॉफ्टवेअरमध्ये घाला. डक्सबरीत ग्लोबल मेनूमध्ये एम्बॉसर सेटअप आहे, तिथे मॉडेल निवडून सेलची आणि ओळींची संख्या द्यायची. मग मशीनमध्ये पण तेवढीच किंवा थोडी जास्त जागा ठेवा आणि मशीनचे स्वतःचे समास शून्यावर आणा किंवा कमीत कमी ठेवा. बाइंडिंगसाठी डावीकडे जागा हवी असेल तर ती एकाच ठिकाणी द्या, दोन्हीकडे दिली की दुप्पट होते आणि ओळ मोडते.

पान मोडणं कोणाचं काम ते पण ठरवा. बीआरएफमध्ये पान संपल्याची खूण असते, आणि मशीनचं पान नेमकं तेवढ्याच ओळींवर भरत असेल तर काही मशीनी आधी स्वतः पान पुढे ढकलतात आणि मग ती खूण वाचून परत एकदा ढकलतात, मग प्रत्येक पानाआड एक कोरं पान. सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ कमी करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यात मिटतं.

आता मशीनमधली दोन महत्त्वाची सेटिंग. एक, मशीनच्या आतलं स्वतःचं ट्रान्सलेशन, म्हणजे मजकुराचं ब्रेल करणं, बंद. नव्या मशीनींत ते असतं, जाहिरातीत मिरवतात पण, मात्र तुम्ही तयार ब्रेल पाठवताय तर ते नको. दोन, कॅरेक्टर टेबल (कोणत्या चिन्हाला कोणते ठिपके हे ठरवणारा तक्ता) अमेरिकेचं निवडा आणि सहा ठिपक्यांचं ब्रेल ठेवा, आठचं नको. बीआरएफ त्याच टेबलावर चालतं.

पहिली टेस्ट

पुस्तक पाठवू नका, पाच ओळी पाठवा. माझी ठरलेली फाईल अशी असते: पहिल्या ओळीत ढ हे अक्षर ओळभर, दुसरीत मराठी, पुणे, नमस्कार, कळवळा, तिसरीत एक तारीख, चौथीत एक लांबलचक वाक्य जे ओळ ओलांडेल, आणि मग पान मोडून दुसऱ्या पानावर एक शब्द. ढ कशाला, तर भारती ब्रेलमध्ये ढ ला सहाच्या सहा ठिपके लागतात, त्यामुळे एखादी हातोडी कमी जोराने पडत असेल किंवा पडतच नसेल तर तिथे लगेच हाताला कळतं. वर्गातला ढ इथे पहिला नंबर काढतो.

छापून झालं की ब्रेल वाचणाऱ्या माणसाला वाचायला द्या. डोळ्यांनी बघून नीट दिसतंय म्हणून पास करू नका, ठिपक्याची उंची डोळ्याला कळत नाही, ती साधारण अर्धा मिलिमीटर असते. वाचणाऱ्याने काय सांगितलं त्यावरून रोग ओळखता येतो.

तो म्हणाला क, म, न, र, स बरोबर आहेत पण काना, दुसरी वेलांटी, अनुस्वार, ळ आणि ण सगळे चुकतायत, तर मशीनमध्ये दुसऱ्या देशाचं टेबल लागलंय. ए ते झेड अक्षरांचे ठिपके सगळीकडे जवळपास तेच असतात, चिन्हांचे बदलतात, आणि आपला काना, अनुस्वार, ळ, ण हे सगळे बीआरएफमध्ये चिन्हांवरच बसलेले असतात.

तो म्हणाला शब्दांच्या पुढे नको तिथे विसर्ग येतायत आणि दुसऱ्या वेलांटीच्या जागी णि असं काहीतरी वाचलं जातंय, तर तयार ब्रेलचं पुन्हा एकदा इंग्रजी म्हणून ब्रेल झालंय. मशीनने नऊचा आकडा बघून आधी आकड्याची खूण टाकली, आणि ती खूण आणि आपला ण भारती ब्रेलमध्ये एकच, ३, ४, ५, ६. इंग्रजीतली कॅपिटलची खूण म्हणजे आपला विसर्ग. मशीनचं ट्रान्सलेशन बंद करा, आणि फाईल सॉफ्टवेअरमध्ये उघडताना ती आधीच ब्रेल आहे हे सांगितलं होतं का तेही बघा.

अक्षरांच्या खाली एक जास्तीचा ठिपका लागतोय म्हणाला तर आठ ठिपक्यांचं सेटिंग चालू आहे, कॅपिटल अक्षरांना सातवा ठिपका लागतोय. एक ओळ पूर्ण, पुढची दोन-तीन शब्दांची, परत पूर्ण, परत अर्धी असं असेल तर फाईल ४० सेलची आणि कागद ३० चा. बाहेरून आणलेल्या बीआरएफमध्ये हे फार होतं, कारण त्यात ओळी आधीच तोडलेल्या असतात, तेव्हा एकतर रुंद कागद वापरा नाहीतर ती सॉफ्टवेअरमध्ये घेऊन ओळी नव्याने पाडा. शेवटची ओळ घडीवर पडत असेल तर सलग कागदाची सुरुवातीची जागा चुकली आहे, कागद काढून छिद्रं दोन्हीकडे सारख्या ओळीत बसवून परत घाला.

ठिपके फिके असतील तर आधी कागद बदलून बघा, मग जोर वाढवा. उलटं करू नका, हातोड्या झिजतात.

दोन्ही बाजूंनी छापायचं का

इंटरपॉइंट म्हणजे पानाच्या दोन्ही बाजूंना ठिपके, मागच्या बाजूचे ठिपके पुढच्यांच्या मधल्या जागेत पडतील असे सरकवलेले. कागद निम्मा लागतो, आणि ब्रेल जागा खातं हे विसरू नका, छापील एका पानाची ब्रेलमध्ये सहज अडीच-तीन पानं होतात. तरीपण नवीन ब्रेल शिकणाऱ्या पहिली-दुसरीच्या मुलांना, उशिरा दृष्टी गेलेल्या मोठ्या माणसांना आणि आकृत्यांना एकच बाजू द्या, बोटाला मागच्या खळग्यांचा त्रास होतो. कादंबऱ्या, मासिकं दोन्ही बाजूंनी. तुमचं मशीन दोन्ही बाजूंचं आहे का तेही बघा, एनेबलिंग टेक्नॉलॉजीजचं रोमिओ एका बाजूचं आणि ज्युलिएट दोन्ही बाजूंचं, नावं त्यांनी मजेशीर ठेवलीयत.

रोजचं काम

मोठं पुस्तक एकदम पाठवू नका, पन्नास-साठ पानांचे भाग करा. मध्येच कागद अडकला तर तेवढाच भाग परत काढावा लागतो, शिवाय ब्रेल पुस्तक जाड होत असल्यामुळे त्याचे खंड तसेही करावेच लागतात. प्रत्येक खंडाच्या पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव आणि कितवा खंड ते ब्रेलमध्ये, आणि कव्हरवर पेनाने पण लिहा, म्हणजे लायब्ररीतल्या डोळस शिपायालाही सापडेल. स्पायरल बाइंडिंग चांगलं, पुस्तक सपाट उघडतं. ठेवताना उभी ठेवा, आडवी रचली तर खालच्या पुस्तकाचे ठिपके बसतात.

जॉब रद्द करायचा असेल तर नुसती मशीनची स्विच बंद करून भागत नाही, कॉम्प्युटरच्या प्रिंट रांगेतूनही काढा, नाहीतर स्विच चालू केली की राहिलेला मजकूर अर्ध्या ओळीपासून परत सुरू. कागदाची धूळ आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने काढा. ब्लोअर मारू नका, धूळ आत जाते.

सर्व्हिसवाला येऊन गेला की पाच ओळींची ती फाईल परत काढून बघा, कारण दुरुस्ती करताना मशीन बरेचदा कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातं आणि आतलं ट्रान्सलेशन चालू होऊन बसतं. तुमची सेटिंगं एका कागदावर लिहून, एक प्रत ब्रेलमध्ये आणि एक साधी, मशीनच्या बाजूला चिकटवून ठेवा.